दोन डोनल्ड

१

शनिवारी सकाळी नऊ वाजता अर्डनाशच्या सभागृहातली काचपेटी उघडली, तेव्हा जुनं गेलिक बायबल जागच्या जागी होतं. कुलूप शाबूत, काच शाबूत. फक्त शेवटी जोडलेल्या पानांतलं जन्मनोंदींचं पान नव्हतं. कुणीतरी ते धारदार पात्याने शिवणीलगत इतकं सफाईने कापलं होतं, की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

एफी मॅक्फीला हे फोनवर कळलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात बांगडे साफ करत होती. फोन पाद्री कॉल्डर यांचा होता. तिने दोनदा 'अरेरे' म्हटलं, लगेच येते म्हणाली आणि फोन ठेवला. मग हात धुताना तिच्या लक्षात आलं, की आपण गुणगुणतोय.

अर्डनाशमध्ये तीन घरांतली दोन मॅक्फींची. नुसत्या आडनावाने तिथे कुणाचा पत्ता लागत नाही, म्हणून माणसाला बापाच्या आणि आजोबाच्या नावाने ओळखतात. ती एफी डॅन रोरी, म्हणजे रोरीच्या डॅनची एफी. वय अठ्ठावन्न, लग्न केलेलं नाही. एकोणतीस वर्षं तिने गावची टपाल कचेरी सांभाळली आणि तेवढीच वर्षं कुळाच्या वंशावळी. बॉस्टनहून, डेट्रॉइटहून कुणी आपलं मूळ शोधत आलं, की गाडी आधी तिच्या दारात थांबायची.

या वसंतापर्यंत. कुळाच्या मेळाव्याच्या समितीने टोरंटोहून लॉर्ना मॅक्फीला बोलावलं. तेहतीस वर्षांची, विद्यापीठात शिकलेली, कुळाच्या इतिहासाचं पुस्तक लिहायला सरकारी अनुदान मिळवलेली. गेलिक, म्हणजे पूर्वजांची स्कॉटिश भाषा, ती पुस्तकातून शिकली होती. शब्द सगळे बरोबर आणि सूर सगळा चुकलेला. समितीने एफीकडून पेटीची किल्ली गोड बोलून काढून घेतली आणि तिला दिली. तेही एफीने गिळलं असतं. पण मे महिन्यापासून लॉर्नाला जुनी कबरस्तानं दाखवत गावोगाव फिरवायला मर्डॉकची गाडी असायची. ते काही तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

मर्डॉक बासष्ट वर्षांचा, मच्छीमार. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. आख्खा हिवाळा तो दर रविवारी दुपारी एफीकडे चहाला यायचा. चोवीस रविवार झाले होते. तिने मोजले नव्हते असं ती स्वतःला सांगत असे. मग लॉर्ना आली आणि रविवार थांबले.

आणि काल, तेरा आठवड्यांनी, संध्याकाळच्या सभेनंतर तो पुन्हा आला होता. शेगडीजवळच्या त्याच्या खुर्चीत बसला, ओटच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या, मुरंबा मागितला. तो आणायला ती कोठीत गेली तेव्हा आरशात पाहून केस सारखे करून आली. लॉर्नाचं काय, असं तिने विचारलंच नाही. तोच म्हणाला, की त्या पोरीच्या गाडीतल्या बडबडीने डोकं उठतं. आज सकाळी आठ वाजता समुद्रावरून थेट तो सहा बांगडे घेऊन दारात उभा. मासे तिने आत नेऊन ठेवले, तोवर तो शेगडीपाशी हात शेकत होता.

एफी गुणगुणत होती ती त्यामुळे. आणि पेटीची किल्ली लॉर्नाकडे होती, त्यामुळेही.

२

भांडण जुनं होतं. १८२१ साली स्कॉटलंडहून येऊन इथे जहाजातून उतरलेल्या मॅरियनला दोन मुलगे, आणि दोघांचं नाव डोनल्ड. पहिल्याला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, हा रिवाज. दोन्ही आजोबा डोनल्डच निघाले, त्याला कोण काय करणार? एकाला मोठा डोनल्ड म्हणायचे, दुसऱ्याला छोटा. पण ते वयाने की अंगापिंडाने, यावर दीडशे वर्षं चर्चमध्ये, लग्नांत आणि मयतीला वाद झाले होते. मॅरियनने पोरांचे जन्म बायबलात लिहिले ते ओळीने नाही, आठवतील तसे. तिथे मोठ्याचं साल १८०३ होतं आणि छोट्याचं १८०६. एफीला ते पान तोंडपाठ होतं. त्याच्याच जोरावर मोठ्या डोनल्डच्या वंशातला हेक्टर कुळाचा मुख्य मानला जाई. किनाऱ्यावर रचलेल्या स्मारकाचा शेवटचा दगड आज चार वाजता त्याच्याच हातून बसायचा होता.

पण लॉर्नाचं पुस्तक गुरुवारी छापून आलं आणि त्यात मोठ्या डोनल्डचं साल १८०८ होतं. म्हणजे तो मोठा नव्हताच. मुख्यपण छोट्या डोनल्डच्या वंशाचं, म्हणजे मर्डॉकचं. हॅलिफॅक्सच्या वर्तमानपत्राने लॉर्नाच्या फोटोसकट ते छापलं. शुक्रवारच्या सभेत हेक्टर उठला आणि म्हणाला, की स्कॉटलंडहून आलेले पाहुणे रँकिन जुन्या हस्तलिखितांचे जाणकार आहेत. त्यांनी उद्या सगळ्यांसमोर ते पान भिंगाखाली बघावं. सभेने मान डोलावली. आणि उद्या उजाडला तो पानाविनाच.

सभागृहात समितीचं मत तयारच होतं. पुस्तक गाजावं म्हणून त्या बाईने आकड्यात फेरफार केला आणि भिंगाला भिऊन पान गायब केलं. किल्ली दुसऱ्या कुणाकडे आहेच कुठे?

एफी यावर काही बोलली नाही. किल्ल्या दोन होत्या. एप्रिलमध्ये तिने एकच परत केली होती. दुसरी तिच्या शेगडीशेजारच्या खिळ्याला लटकत होती, निव्वळ जळफळाटापायी.

पाद्री कॉल्डर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "पोलिस नकोत, एफी. घरातली गोष्ट आहे. तीन वाजेपर्यंत तू काय ते शोध."

"शोधायचं काय त्यात? सगळ्यांना दिसतंय."

"दिसतंय खरं. पण तुला ती डोळ्यांसमोर नको असते, हेही सगळ्यांना दिसतं. तू तिला निर्दोष म्हणालीस तर गाव मुकाट्याने मानेल. दोषी म्हणालीस, तर पुरावा दाखवावा लागेल."

एफी म्हणाली, दाखवते.

३

हेक्टर स्मारकापाशीच होता. शेवटचा दगड समोर ठेवून, कुणी चोरून नेईल अशा थाटात त्याच्याजवळ बसलेला. बॉस्टनहून आलेले त्याचे पुतणे नवेकोरे चौकड्यांचे स्कॉटिश घागरे नेसून वाऱ्यात कुडकुडत होते. एफीने त्याला आडपडदा न ठेवता विचारलं, की पान तू घेतलंस का. तो चिडला नाही. म्हणाला, मीच भिंग मागितलं, मीच कशाला घेऊ? पान असतं तर दगड माझा होता. आता आहे का माझा?

ते खरंच होतं. पान गेल्याने पुस्तकातला आकडा तेवढा उरला होता, आणि तो मर्डॉकच्या बाजूचा होता. हे मनात येऊनही एफी तिथे थांबली नाही. मर्डॉकचं नाव आलं की तिचा विचार त्याच्या कडेकडेने जायचा.

मग ती लॉर्नाच्या खोलीवर गेली. लॉर्ना बॅग भरत होती. डोळे सुजलेले होते आणि केस विस्कटलेले, तरी ती देखणीच दिसत होती, याचा एफीला वेगळा राग आला. तिने प्रश्न विचारले, लॉर्नाने उत्तरं दिली. किल्ली रात्रभर उशाखाली होती. पानावर १८०८ होतं, १८०३ कधीच नव्हतं. आपण काही बदललं नाही.

"मग मला काय भ्रम झालाय?" एफी म्हणाली. "ते पान मी तुझ्या जन्माआधीपासून वाचतेय."

"तुम्ही काय वाचलंत मला माहीत नाही, मिस मॅक्फी. माझ्यासमोर जे होतं ते मी उतरवून घेतलं." लॉर्नाने बॅगेतून एक जाड वही काढून तिच्या हातात दिली. "हे माझं सगळं टिपण. तुमच्याकडेच राहू द्या. दुपारच्या बसने मी जाते. विद्यापीठाला कळवलं की अनुदान बंद होईल, पुस्तकं रद्दीत जातील. तुम्हाला हवं तेच झालं ना?"

एफीने वही काखेत मारली आणि जिना उतरली. तिला हवं तेच झालं होतं. मग छाती हलकी का होत नव्हती, ते तिला कळेना.

४

वही तिने घरी येऊन उघडली, तीही चूक शोधायला. पहिल्याच पानावर तारखेचा शिक्का होता: चार मे. ती दुपार तिला लख्ख आठवली. लॉर्नाचा गावातला पहिला दिवस. समितीने पेटी उघडून दिल्यावर एफीने बायबल काढून तिच्यासमोर टेबलावर ठेवलं होतं, आणि ती उतरवून घेत असताना समोर हाताची घडी घालून बसली होती. पानाला नखही लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून. मग लॉर्नाचं प्रत्येक पान ओढून घेऊन त्यावर कुळाच्या दफ्तराचा तारखेचा शिक्का हाणला होता, उद्या हिने मनचं काही घुसडू नये म्हणून. काय लिहिलंय ते मात्र बघितलंही नव्हतं. त्या अक्षराकडे बघायचीसुद्धा तिची इच्छा नव्हती.

आता तिने बघितलं. लॉर्नाने आधी गेलिक ओळ उतरवली होती आणि खाली तिचा अर्थ, अक्षरी: मोठा डोनल्ड, जन्म अठराशे आठ. 'आठ' या शब्दावरूनच शिक्क्याची जांभळी कड गेली होती. शाई वर, अक्षर खाली. शब्द मागाहून बदलला असता तर तो शिक्क्याच्या वर आला असता.

म्हणजे चार मेच्या दुपारी, लॉर्नाने ते बायबल जन्मात पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच, पानावर आठ होता. आणि त्या आधी ते बायबल होतं कुठे?

एफी हळूहळू खुर्चीत बसली. नोव्हेंबरात सभागृहाचं छप्पर काढलं, तेव्हा ओल लागू नये म्हणून ते तिने घरी आणलं होतं. आणल्या दिवशी ते पान मोठ्याने वाचलं होतं: अठराशे तीन. एप्रिलच्या अखेरीस ते तसंच गुंडाळून तिने परत नेलं. मधले सहा महिने ते याच स्वयंपाकघरात, शेगडीमागच्या फडताळात होतं.

५

त्या हिवाळ्यात या घरात आलं कोण? पाद्री दोनदा, दोन्ही वेळा दारातूनच परतले. हेक्टर धुराड्याचा पाइप बसवायला एकदा. आणि त्याने स्वतःच्या पणजोबाचं वय कशाला कमी करावं? उरला एक.

दर रविवारी तीनला ती शेजारच्या आंधळ्या म्हातारीला सूप द्यायला जायची. अर्धा तास. मर्डॉक म्हणायचा, तू जाऊन ये, मी शेगडीकडे बघतो. टेबलावर तिची लेबलं लिहायची दौत आणि टाक असायचा. इंग्रजी तीनच्या डाव्या बाजूच्या दोन फटी बुजवल्या की आठ होतो. एका श्वासाचं काम. नुसत्या डोळ्याला कळणार नाही, भिंगाला कळेल.

तिच्या मनाने लगेच वकिली सुरू केली. पान उतरवलं तेव्हा आपली नजर हटली असेल. वारा आला असेल, शिंक आली असेल, तेवढ्यात त्या बाईने साधलं असेल. तिने हा युक्तिवाद दोनदा करून पाहिला. त्या दुपारी तिने पापणीही लवू दिली नव्हती, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मत्सराएवढा जागता पहारा दुसरा नसतो.

मग ती उठून खिळ्यापाशी गेली. किल्ली होती. काल संध्याकाळी ती मुरंबा आणायला कोठीत गेली होती. आज सकाळी मासे ठेवायला मोरीकडे. दोन्ही वेळा तो इथे शेगडीपाशी एकटा होता. एप्रिलपासून तिने त्या किल्लीला हात लावला नव्हता. तिने ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. किल्लीच्या लोकरी दोऱ्याला दोन खवले चिकटले होते, पातळ, चंदेरी, ताजे.

तेरा आठवड्यांनी माणूस बारा तासांत दोनदा का आला, हे आता तिला कळलं. एकदा न्यायला, एकदा ठेवायला.

दुपारचे दीड वाजले होते. हे जगात तिच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. वही तिच्याकडे, किल्ली तिच्याकडे. दोन्ही शेगडीत टाकून दार लावलं, तर अडीचच्या बसने लॉर्ना गेली असती, चारला मर्डॉकने दगड ठेवला असता, आणि उद्या रविवार होता. एफी शेगडीचं झाकण उघडून बराच वेळ उभी राहिली. तोंडाला धग लागत होती. नंतर तिने झाकण लावलं आणि डोक्याला रुमाल बांधला.

६

मर्डॉक धक्क्यावर होडीत बसून जाळं आवरत होता. दगड ठेवायच्या समारंभासाठी त्याने दाढी केली होती. एफीने किल्ली त्याच्यासमोर धरली. त्याने दोऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"जाळलंस का?" तिने विचारलं.

"नाही. जाळायला काडी ओढली होती. पण मॅरियनच्या हातचं अक्षर आहे ते." त्याने पाटाखालून तेलकापडात गुंडाळलेली चपटी पुडी काढली आणि मांडीवर धरून ठेवली.

तो स्वतःहूनच बोलत गेला. शाळेत असल्यापासून हेक्टर पुढच्या बाकावर आणि हा मागच्या. चर्चमध्ये तेच, बापाच्या मयतीला तेच. शवपेटीच्या डोक्याकडे खांदा हेक्टरचा, पायाकडे सख्ख्या मुलाचा, ह्याचा. हेक्टरची गुरं मेली तरी लोक हेक्टरकडेच सल्ल्याला जायचे. एका आकड्यापायी. दुसऱ्याचं ऊन आपल्या अंगणात यावं एवढंच मला वाटत होतं, असं तो म्हणाला.

"लॉर्नाला कशाला फिरवत होतास?"

"तिने तो आकडा पुस्तकात घालावा म्हणून. दुसऱ्या कुणाला विचारायला जाऊ नये म्हणून."

एफीने विचारायचं नाही ठरवलं होतं, तरी विचारलं. "आणि माझ्याकडे? चोवीस रविवार?"

मर्डॉकने मान वर केली. "आकडा मी दुसऱ्याच रविवारी केला, एफी. उरलेले तूच मोज."

खाली पाणी होडीवर आपटत होतं. तिला क्षणभर वाटलं, खरं सांगतोय. पुढच्या क्षणी वाटलं, हाही एक फटी बुजवण्याचाच प्रकार आहे.

"मग मे महिन्यापासून का आला नाहीस?"

"तुझ्या तोंडाकडे बघवत नव्हतं."

"काल बघवलं?"

त्याने मांडीवरची पुडी घट्ट धरली. मग तो म्हणाला, "तू सांगणार नाहीस कुणाला. तुलाही ती इथे नकोच आहे."

"नकोच आहे," एफी म्हणाली. "पुडी दे."

त्याने दिली. ती धक्क्याच्या पायऱ्या चढून वर आली, आणि तिने मागे वळून पाहिलं नाही.

७

बस पाच मिनिटं उशिरा होती म्हणून लॉर्ना सापडली. तीन वाजता सभागृहात एफीने सगळं सांगितलं: वही, शिक्का, फडताळ, खवले. दुसरी किल्ली आपण का ठेवून घेतली तेही, शब्द न चोरता. सांगताना कुणाकडेही बघितलं नाही. रँकिन यांनी पान भिंगाखाली धरलं आणि म्हणाले, की तीन जुन्या शाईचा आहे, फटी बुजवणाऱ्या दोन रेघा नव्या. हेक्टरने चार वाजता दगड ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा बिचकतच. चारशे माणसांतला एक जण सगळ्यांना दिसेल असा गैरहजर होता. पोलिसात कुणी गेलं नाही. मर्डॉक पुढच्या आठवड्यात होडी घेऊन किनाऱ्याच्या वरच्या अंगाला बहिणीकडे गेला, तो शिशिरापर्यंत तिकडेच राहिला.

पुस्तकं रद्दीत गेली नाहीत. तीनशे प्रतींत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या ठरल्या. सोमवारी सकाळी एफी सभागृहात आली तेव्हा लॉर्ना खळ तयार करून बसली होती. आभार वगैरे तिने मानले, ते एफीने हाताने झटकले आणि खळ पातळ झालीय म्हणून सांगितलं. दोघी समोरासमोर बसल्या. एक चिठ्ठी कापायची, एक चिकटवायची. तासभर कात्रीचाच आवाज होता. एफीला ती अजूनही आवडत नव्हती. तिची लांब बोटं आवडत नव्हती, आणि मॅरियनचं नाव ती ज्या सुरात घ्यायची तो तर मुळीच नाही.

"मला तुमचा फार राग यायचा," लॉर्ना अचानक म्हणाली.

"माझा? मी काय केलं?"

"गाडीत." लॉर्नाने चिठ्ठी दाबून बसवली. "कुठल्याही कबरीपाशी थांबलो, की तो म्हणायचा, हे एफीला माहीत असेल. डबा उघडला, की म्हणायचा, एफीच्या भाकरीला याची सर नाही. दिवसभर गाडी चालवायचा आणि दिवसभर तुमचंच. मी इतकी शिकून आले, आणि तो मला नुसता ऐकवायचा, की एफी असती तर तिने हे असं वाचलं असतं."

एफीने कात्री खाली ठेवली. खिडकीबाहेर डेट्रॉइटची एक गाडी परत निघाली होती, मुलं मागच्या काचेतून हात हलवत होती. तिने तिकडे बघितलं, पुन्हा लॉर्नाकडे बघितलं. तोंडावर काही दिसू नये याची तिने आटोकाट काळजी घेतली.

"आणखी काय म्हणायचा?" तिने विचारलं.